ओट्या हुडकणारी हलीमाबी

हलीमाबी माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी नखं बघायची. लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो त्या सकाळी मी तिला नमस्कार केला, तर तिनं माझे जोडलेले हात तसेच धरून सोडवले, दहाही बोटं उजेडात निरखली आणि म्हणाली, "उजव्या आंगठ्यात मळ हाय. औषध कालवणाऱ्यानं असं येऊ न्हाय." माझं लग्न झालेलं होतं, पदरात एक मुलगी होती, आणि शाळा सुटल्यापासून माझी नखं कुणी तपासली नव्हती. मी मुकाट्यानं मागं जाऊन नखं काढून आलो. पुढं नवा डॉक्टर आला तेव्हा त्याच्याही हाताकडं ती पहिल्यांदा तशीच बघत राहिली. डॉक्टरला वाटलं, बाईंना हस्तसामुद्रिक येतं.

ती दवाखान्याची सुईण होती. निजामाच्या अमलात जिल्ह्याच्या गावी शिकून आलेली, पंचेचाळिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. निळ्या काठाचं पांढरं लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर आणि खांद्याला कापडी पिशवी. चालणं असं, की बरोबरच्या माणसाला अधूनमधून पळावं लागायचं. बोलताना मी तिला अहो-जाहो करायचो. मनात मात्र ती पहिल्यापासून "ती"च होती, म्हणून इथंही तसंच लिहितो.

आमची गाठ पक्की बांधली ती नोंदवहीनं. राज्य बदललं तशा सरकारी वह्या उर्दूतून मराठीत आल्या, आणि हलीमाबीला मराठी बोलायला पाण्यासारखं येत असलं तरी लिहायला येत नव्हतं. तेव्हा बाळंतपणाच्या नोंदी मी लिहायच्या असं ठरलं. ती सांगायची, मी लिहायचो. तारखांशी तिचं वाकडं होतं. "हिची पाळी चुकली तवा तूर फुलात हुती," असं ती सांगायची आणि मी बोटांवर महिने मोजत बसायचो. माझा दिवस चुकायचा, तिची तूर चुकायची नाही.

तिच्या डोक्यात दुसरीही एक वही होती, ती मात्र कागदावर कधीच आली नाही. तालुक्यात आणि तालुक्याबाहेर कुठल्या घरी पाळणा हललेला नाही, हे तिला तोंडपाठ होतं. एसटीतनं जाताना एखादं गाव आलं की ती खिडकीतून बोट दाखवायची. ते लिंबाखालचं घर, लग्नाला अकरा वर्षं झाली. ते पलीकडचं, चार झाली आणि चारही गेली. शेजारची बाई चार घरांतल्या सुना मोजते तशी हलीमाबी रिकाम्या ओट्या मोजायची. मला तेव्हा ही नुसती आठवण ठेवायची हौस वाटे.

ती हौस कशासाठी होती ते कळायला मला वर्ष लागलं. दवाखान्यात काही बाया यायच्या, त्यांचं दुखणं ठरलेलं असायचं. पोटात गोळा आलाय, काहीतरी गरम औषध द्या. हलीमाबी पोटावर हात ठेवायची आणि सांगायची की गोळा नाही. मग बाई रडायची, पाया पडायची. औषध काही मिळायचं नाही. पोट पाडणं हा कायद्यानं गुन्हा होता, पण कायद्याचं हलीमाबीला फारसं सोयरसुतक नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच असायचं, की एकीला नको झालेल्या लेकराची कुणीतरी वाट बघत बसलेली असते, तिची ओटी हुडकाय लागती.

शेवंता आली ती बाजारच्या दिवशी. हे तिचं खरं नाव नाही. बेंबळीकडची, बाविशीची, तीन वर्षांमागं नवरा गेलेला, भावाच्या घरी राहणारी. खोकल्याचं औषध न्यायला आल्यासारखी तिनं माझ्या खिडकीत रिकामी बाटली पुढं केली. मी खोकला किती दिवसांचा विचारलं, तर तिला आधी खोकायचंच सुचेना. हलीमाबीनं ते पाहिलं आणि तिला आत नेलं. मधे लाकडी फळ्यांची भिंत होती, त्यामुळं ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं.

"औषध न्हाय दिलं तर हीर हाय," शेवंता म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं.

"हीर कुठं पळून जात न्हाय," हलीमाबी म्हणाली. "सा महिने थांब. लेकरू जगंल, चांगल्या घरात जाईल, आन् ते कसं हाय ते दर साली म्या तुला सांगीन. ही माजी जबान."

दुसऱ्या दिवशी हलीमाबी स्वतः बेंबळीकडं गेली आणि शेवंताच्या भावाला सांगून आली, की बहिणीला छातीचा आजार आहे, सहा महिने दवाखान्याजवळ ठेवावं लागेल, आणि घरच्यांनी जवळ जायचं नाही, लागण होते. भाऊ घाबरला. दर पंधरवड्याला तो जोंधळे घेऊन यायचा, दवाखान्याच्या फाटकाशी ठेवायचा आणि दुरूनच "बरं हाय का?" विचारून जायचा. शेवंता दवाखान्यामागच्या हलीमाबीच्या खोलीत राहिली. मुसलमानाच्या घरी कसं राहायचं, हा प्रश्न तिच्या मनात आला तो हलीमाबीनं आधीच सोडवला होता. हे घर न्हाय, दवाखाना हाय, म्हणाली. पडवीत शेवंताची वेगळी चूल मांडली. पहिले दोन महिने दोन चुली पेटल्या. तिसऱ्या महिन्यात पावसानं पडवी गळायला लागली, तेव्हा एका तव्यावर दोघींच्या भाकरी व्हायला लागल्या आणि त्या पुढंही तशाच होत राहिल्या.

शेवंताला सातवा महिना लागला तेव्हा नवा डॉक्टर आला. त्याच्या आधी सहा महिने जागा रिकामीच होती. हा तरुण, चिडका, पण मनानं सरळ माणूस. शेवंता छातीनं आजारी नाही हे त्याला बघता क्षणी कळलं. त्यानं वर कळवलं नाही, पण हलीमाबीला सोडलंही नाही. दुपारी रोगी संपले की हात धुता धुता तो सुरू व्हायचा. शिकत असताना त्यानं मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पोट पाडायला काडी घालून घेतलेल्या बाया पाहिल्या होत्या, कुणी वाचलेल्या, कुणी न वाचलेल्या. त्याचं मत होतं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे काम डॉक्टरच्या हातून नीट होऊ शकतं आणि कायदा आज ना उद्या बदलावा लागेल.

"जिला नको आहे तिला नऊ महिने वाहायला लावायचं, आणि मग काढून दुसरीला द्यायचं," तो म्हणाला. "हे तुम्हाला दयेचं वाटतं?"

"दयेचं न्हाय, साहेब. पर जितं राहतं."

"कोण जितं राहतं?"

"दोघं बी."

मग त्यानं सगळं मोजून दाखवलं. भावाला सांगितलं ते खोटं, गावाला सांगितलं ते खोटं, उद्या वहीत लिहाल तेही खोटं. ह्या सगळ्यात एक खरी गोष्ट मला दाखवा, असं तो म्हणाला. हलीमाबीनं त्याच्या हातावर पाणी ओतणं थांबवलं नाही. "पोर खरं हाय की," ती म्हणाली.

मी बाटल्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवत हे ऐकायचो. डॉक्टर बोलायचा तेव्हा मला त्याचं पटायचं, हलीमाबी बोलायची तेव्हा तिचं. माझं मत कुणी विचारत नव्हतं, ह्याचं मला तेव्हा बरंच वाटे.

ओटी सापडली होती ईटच्या बाजूला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. शेतकरी नवरा-बायको, एसटीतनं बोट दाखवलेलं ते चार लेकरं गेलेलं घर. उघड दत्तक घ्यायचं तर भावकी आडवी आली असती, पोर कुणाचं, जात कुठली. नवऱ्यानं हलीमाबीला जात विचारली होती. "तुमचीच," असं तिनं सांगितलं. ते खरं होतं का मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. त्या बाईला पाचव्यांदा दिवस गेल्याचं गावात पसरवलं आणि नीट बाळंतपण व्हावं म्हणून दोन महिने लोहाऱ्याला आणून ठेवलं.

मुलगा झाला तो भर दुपारी. हलीमाबीचा एक नेम होता, की लेकरू सुईणीनं उचलून द्यायचं नाही. जिचं आहे तिनंच स्वतःच्या हातानं दुसरीच्या ओटीत घालायचं. "न देता घेतलं तर ती चोरी," असं तिचं म्हणणं. पाचव्या दिवशी दोघींना खोलीत समोरासमोर बसवलं. दोघींच्याही तोंडावर पदर ओढलेला, एकीनं दुसरीला ओळखायचं नाही. ईटकडच्या बाईच्या ओटीत आधी तांदूळ आणि नारळ घातला, मग शेवंतानं लेकरू. मग हलीमाबी बाहेर आली आणि मला वही उघडायला सांगून आईचं नाव सांगितलं. ते शेवंताचं नव्हतं. मी लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं, हे मला अजून आठवतं.

त्या मुलखात लेकरं जगत नसली की नवं जन्मलेलं सुपात घालून उकिरड्यावर ठेवायची रीत होती. शेजारणीनं ते उचलून घरात आणायचं आणि कचरू, उकिरडा असं नाव ठेवायचं, म्हणजे टाकलेली चीज समजून मरण तिकडं फिरकत नाही. ह्याही पोराचं तसंच झालं. नाव कचरू. हलीमाबी मुद्दाम गेली होती, येऊन तिनं मला हसत हसत सांगितलं. सगळ्या गावातल्या बाया पोराला उकिरड्यावरनं आणलेलं म्हणत होत्या, परक्याचं म्हणत होत्या, आणि ते खरं असेल असं एकीच्याही मनात आलं नाही.

शेवंता बरी होऊन भावाकडं परत गेली. दर वर्षी भुईमूग निघाला की एका बाजाराला ती दवाखान्यात यायची. पदरात ओल्या शेंगा असायच्या. "बरं हाय का?" एवढंच विचारायची, भाऊ फाटकातून विचारायचा तसंच. हलीमाबी वर्षातून एकदा ईटकडं चक्कर मारून आलेली असे, ती तपशीलवार सांगायची. दात येताना जुलाब लागले हुते. लई चावतंय. पायरीवरनं पडलं, कपाळाला खोक पडली. शेवंता मान हलवत ऐकायची, शेंगा पुढं करायची आणि "लेकराला द्या" म्हणून जायची.

दुसऱ्या वर्षी, शेवंता येऊन गेल्यावर महिनाभरानं अनसाबाई आली. दवाखान्याच्या मागच्याच वस्तीतली, सहा लेकरांची आई. तिनं गोळ्याबिळ्याचं सोंग केलं नाही, सरळ म्हणाली, मला सातवं नको. हलीमाबीनं तिला ओटीचं सांगितलं. अनसाबाई हसली. "बी, मालक जिता हाय माजा. त्येचं लेकरू लोकांला दिलं तर गाव काय म्हनंल? आन् ठिवलं तर ह्या सहांना काय घालू?"

तरी हलीमाबीनं नाही म्हटलं. डॉक्टरनंही नाही म्हटलं. वाद काहीही असो, कायदा मोडायची त्याचीही हिंमत नव्हती. दहाव्या दिवशी अनसाबाईला बाजेवर घालून आणलं. कुणीतरी काडी घातली होती. अंग फणफणत होतं, दातखीळ बसत होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. थोरली मुलगी नऊ वर्षांची, धाकट्याला कडेवर घेऊन सगळा वेळ माझ्या खिडकीखाली उभी होती. मला त्या पोरीकडं बघवलं नाही. हलीमाबीनं अनसाबाईला स्वतः न्हाऊ घातलं, तिची नखं काढली, केस विंचरले.

डॉक्टर त्या दिवशी तिला एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी वही लिहिताना ती मला म्हणाली, "साहेब बोलले असते तर बरं झालं असतं."

नंतर ती बदलली का, हे मला नीट सांगता येणार नाही. बाया येतच होत्या. ती आता त्यांना ओटीचं सांगत नसे, डॉक्टरकडं पाठवी आणि त्या बाहेर येईपर्यंत पायरीवर बसून राही. डॉक्टर तरी काय करणार, तोही हात हलवीत परत पाठवायचा. पुढं तिनं आणखी दोन ओट्या हुडकल्या, दोन्ही लेकरं मार्गी लावली. पण जबान कुणालाच दिली नाही.

कचरू तिसरं वर्ष संपता संपता गेला. गोवर आला आणि आतच जिरला. ईटकडचा तो शेतकरी स्वतः एसटीनं आला, दवाखान्याच्या ओट्यावर बसला आणि मला म्हणाला, बाईंना बोलवा. बायकोनं मुद्दाम पाठवलं होतं, आपण पोर नीट सांभाळलं होतं हे बाईंना सांगायला. हलीमाबी त्याच्याजवळ बसली. त्याला तिनं चहा दिला, गाडीपर्यंत पोचवलं, आणि परत येऊन बाळंतिणीच्या खोलीची फरशी धुवायला घेतली. ती सकाळीच धुतलेली होती.

दीड महिन्यानं शेंगा निघाल्या. शेवंता खिडकीपाशी आली तेव्हा माझ्या हातात लाल मिक्स्चरची बरणी होती, ती मी खाली ठेवली. "बरं हाय का?" तिनं विचारलं.

"चांगलंय," हलीमाबी म्हणाली. "बोलाय पक्कं झालंय. हुशार हाय."

शेवंता गेल्यावर मी हलीमाबीला म्हणालो की हे बरं नाही केलंत. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. जगंल असं म्या म्हनलं हुतं, एवढंच बोलली. शेंगा तिनं रोग्यांबरोबर आलेल्या पोरांना वाटून टाकल्या. एकही शेंग तिनं तोंडात घातली नाही, मला दिली तीही मी तशीच खिशात ठेवली.

त्यानंतर आठ वर्षं हे चाललं. कचरू वाढत राहिला. शाळेत गेला, पाढे शिकला, गुरुजींचा लाडका झाला, बापाबरोबर शेतावर जायला लागला. हलीमाबी हे सगळं एका दमात, भिंतीकडं बघत सांगायची, आणि पोरांना शेंगा वाटायची. इकडं डॉक्टरची बदली झाली, दुसरा आला, तोही गेला. जाताना पहिल्या डॉक्टरनं मला विचारलं होतं, त्या बाईचं पोर कसं आहे. मी बरं आहे म्हणून सांगितलं. मलाही सवय लागली होती.

हलीमाबीची नोकरी संपायचं वर्ष आलं. शेवंता त्या वर्षी जरा लवकर, शेंगा निघायच्या आधीच एका बाजाराला आली. हलीमाबी वस्तीवर बाळंतपणाला गेली होती. थांबा म्हटलं तर शेवंता खिडकीपाशीच उभी राहिली. आता ती चौतिशीची झाली होती, कानापाशी केस पांढरे. बाई नोकरीवरून उतरतात म्हणून ऐकलं, असं म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "भाऊ, ते लेकरू न्हाय ना आता?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. "पयल्या सालांना ताप सांगायच्या, जुलाब सांगायच्या, पडलं-झडलं सांगायच्या. मग येकदम बंद झालं. जितं लेकरू कंदी तरी आजारी पडतंच की."

मग दर वर्षी विचारता कशाला, असं मी म्हणालो. माझा आवाज मलाच रागावल्यासारखा वाटला.

"सांगून झालं की बाईंचं तोंड हलकं दिसतं. सालातनं येकदा. तेवढं करावं म्हनते."

तिथं मला एक प्रश्न विचारायचा होता, तो डॉक्टरचा होता, आणि एवढ्या वर्षांत माझाही झाला होता. त्या दिवशी बाईंनी औषध दिलं असतं तर बरं झालं असतं का, असं मी विचारलं. "तवा बरं वाटलं असतं," ती म्हणाली. "आता इचारू नका." आणि हे बाईंना सांगू नका, असं सांगून ती बाजारात निघून गेली. मी सांगितलं नाही.

हलीमाबी लोहारा सोडून भाच्याकडं राहायला निघाली तोही बाजारचाच दिवस होता. एसटीच्या थांब्यावर तालुक्यातल्या निम्म्या बाया जमल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच तिच्याच हातांवर जन्मल्या होत्या. ती प्रत्येकीचे हात धरून नखं बघत होती, आणि त्या हसत होत्या. पत्र्याची एक पेटी आणि कापडी पिशवी, एवढंच सामान. मी पेटी टपावर चढवून खाली उतरलो तर गर्दीच्या कडेला शेवंता उभी होती.

हलीमाबीनं तिला पाहिलं आणि तिचा स्वतःचा चेहरा दर वर्षी व्हायचा तसा जड झाला.

"बरं हाय का?" शेवंतानं विचारलं.

"पाचवीत गेला," हलीमाबी म्हणाली. "पयला आला."

शेवंतानं मान हलवली. पदराची गाठ सोडून शेंगा काढल्या आणि हलीमाबीच्या पिशवीत स्वतःच्या हातानं घातल्या. "औंदा शेंगा लेकराला नगंत," ती म्हणाली. "ह्या तुमी खावा वाटंत."

हलीमाबी तिच्याकडं बघत राहिली. कंडक्टरनं घंटी मारली तरी ती हलेना, शेवटी मीच तिला दंडाला धरून वर चढवलं. गाडी सुटली तेव्हा शेवंता बाजाराच्या दिशेनं चालायला लागली होती आणि मी एकटाच थांब्यावर उभा होतो. हलीमाबी खिडकीशी बसली होती. तिनं पिशवीत हात घातला, एक शेंग काढली, अंगठ्यानं दाबून फोडली, आणि दाणे तोंडात टाकले. गाडी चावडीपाशी वळेपर्यंत ती सावकाश चावताना दिसत होती.